सुई एकीला, पाळणा दुसरीकडे

दान हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या बापजाद्यांनी तो दुरून ऐकलाय. गोदान, भूदान, सुवर्णदान, कन्यादान. देणारा ठरलेला, घेणारा ठरलेला, आणि आपण दोन्हीकडे नाही. आपल्या ओंजळीत वरून जे पडायचं ते शिळंपाकं. आणि आपण जे द्यायचो त्याला म्हणायचे वेठ. मेलेलं ढोर ओढलं, ती वेठ. सांगावा घेऊन दहा कोस पळालो, ती वेठ. पिढ्यान् पिढ्या देत आलेल्या माणसांना इथल्या एकाही पोथीनं दाता म्हटलेलं नाही.

आता एक दान असं निघालंय, की त्यात दाता म्हणून बहुतेक गरिबाघरचीच बाई उभी असते. स्त्रीबीजदान. ज्या बाईचं स्वतःचं बीज पिकत नाही, किंवा वयानं संपलंय, तिला दुसरीच्या बीजावर मूल होऊ शकतं. शास्त्र खरं आहे. मूलही खरं आहे. त्या आईचा आनंद तर शंभर नंबरी खरा. पण बीज असं झाडावरून तोडल्यासारखं हातात येत नाही. ते पिकवावं लागतं. त्यासाठी देणारीच्या अंगात दहा-बारा दिवस औषध भरावं लागतं. म्हणजे औषध एका बाईच्या अंगात जातं आणि त्याचा गुण दुसऱ्या बाईच्या पदरात पडतो.

हे न्यायाचं आहे का? मला एवढाच प्रश्न सोडवायचा आहे. सुटला तर ठीक, नाहीतर निदान गाठ कुठं आहे ती बोटाला लागेल.

०००

आधी औषध समजून घेऊ. हे औषध म्हणजे विष आहे अशी बोंब मी मारणार नाही. आपल्याकडे कशालाही विष म्हटलं की टाळ्या पडतात. पण टाळ्यांनी कुणाचं पोट दुखायचं थांबत नाही.

बाईच्या पोटात पिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशय असतात, बदामाएवढे. दर महिन्याला त्यांत बरीच बीजं वाढायला लागतात आणि साधारण एकच पिकून बाहेर पडतं. बाकीची सुकून जातात. हा सगळा कारभार डोक्यातून चालतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिच्यातून हार्मोन सुटतात आणि अंडाशयाला हुकूम देतात. मग अंडाशयाकडून उलट निरोप जातो की बीज वाढतंय, आता पुरे.

क्लोमिफीन नावाची गोळी हा उलटा निरोप अडवते. मेंदूला वाटतं खाली काही हललेलंच नाही, म्हणून तो आणखी जोरात हुकूम सोडतो. अमेरिकेत १९६७ साली या गोळीला परवानगी मिळाली आणि तिथून ती जगभर गेली. पाळी आल्यावर पाच दिवस घ्यायची असते. तिनं अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, डोकं दुखतं, जीव चिडचिडा होतो, ओटीपोट जड होतं. शंभरात सात-आठ जणींना जुळं राहतं. थोड्या जणींना डोळ्यांपुढं ठिपके किंवा उजेडाच्या रेघा दिसतात. तसं झालं तर गोळी तिथल्या तिथं बंद करून डॉक्टर गाठायचा असतो. आणि साधारण सहा पाळ्यांपलीकडं ही गोळी ओढायची नसते. आता विचारा आपल्या आयाबायांना, यातलं किती त्यांना कुणी सांगितलं होतं.

दुसरी गोळी लेट्रोझोल. मुळात स्तनाच्या कॅन्सरवरची. आपल्या देशात ती मूल व्हावं म्हणूनही दिली जात होती. २०११ साली सरकारनं त्या वापरावर बंदी घातली. मग २०१४ साली अमेरिकेत ७५० बायांवर केलेली तुलना छापून आली. पीसीओएस म्हणजे ज्या दुखण्यात बीज वेळेवर पिकत नाही आणि पाळी लांबते, ते दुखणं असलेल्या बाया. त्यांच्यात क्लोमिफीन घेणाऱ्या शंभरात १९ जणींना मूल झालं, लेट्रोझोल घेणाऱ्या शंभरात २७ जणींना. २०१७ साली इथली बंदी उठली. यातून मी एक शिकलो. औषध चांगलं की वाईट हे देव्हाऱ्यात ठरत नाही, पुरावा येतो तसं ठरत जातं. पण पुरावा यायच्या आधी ज्या बायांनी ते गिळलं, त्यांना कुणी म्हटलं होतं का, की बाई, याचं अजून नक्की नाही, बघ, घ्यायचं का?

तिसरा प्रकार सुयांचा. त्यात मेंदूला फसवायचं काम नाही, हुकूमच बाहेरून टोचतात. आठ ते चौदा दिवस, रोज, पोटाच्या कातडीखाली. एकाच्या जागी दहा-पंधरा बीजं पिकतात. मग शेवटची एक सुई, तिला ट्रिगर म्हणतात. तिच्यानंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन, योनीमार्गातून लांब सुई घालून बीजं ओढून घेतात.

या सुयांचं औषध पहिल्यांदा कशातून निघालं माहीत आहे? म्हाताऱ्या बायांच्या लघवीतून. पाळी गेलेल्या बाईचं अंडाशय थकतं, पण मेंदू हुकूम सोडतच राहतो, आणि ते हार्मोन लघवीवाटे वाहून जातं. इटलीतल्या सेरोनो कंपनीतल्या पिएरो डोनिनी या शास्त्रज्ञानं १९४९ साली ते वेगळं काढलं. पुढं कंपनीला हजारो लिटर लघवी पाहिजे झाली, तेव्हा ती म्हाताऱ्या नन राहत होत्या त्या मठांमधून गोळा झाली. कंपनीत व्हॅटिकनचा पैसा होता. औषधाचं नाव पर्गोनाल. १९६२ साली तेल अवीवमध्ये त्या औषधावर पहिलं मूल जन्मलं. ज्यांनी लग्न नको, मूल नको म्हणून शपथ घेतली, त्यांच्या मुतातून दुसऱ्यांच्या घरात पाळणे हलले. यात हसण्यासारखं काही नाही. त्या बायांच्या अंगाला सुई लागली नाही, त्यांचं काही गेलं नाही. मला त्यात एवढंच दिसतं, की ज्याला जग घाण म्हणून ओतून देतं त्याची किंमत ओतणाऱ्याला कळत नाही, विकणाऱ्याला कळते. आज हे हार्मोन बरंचसं प्रयोगशाळेत पेशींपासून बनवतात. किंमत कुणाला कळते ते मात्र बदललेलं नाही.

आता सुयांचा त्रास. टोचलं तिथं लाल होणं, पोट फुगणं, मळमळ, थकवा, हे पुष्कळ जणींना होतं आणि जातं. मोठा त्रास वेगळा आहे. कधी कधी अंडाशय हुकुमापेक्षा जास्त पेटतात. बदामाएवढे असतात ते फुगून संत्र्याएवढे होतात. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात उतरतं, कधी छातीत. रक्त घट्ट होतं, घट्ट रक्ताची गुठळी होते, मूत्रपिंड थकतं. डॉक्टर याला ओएचएसएस म्हणतात. सौम्य स्वरूपात तो तीन बायांत एकीला होऊ शकतो. दवाखान्यात भरती करावं लागेल असा शंभरात एखाद-दुसरीला. तरण्या बाईला आणि पीसीओएसवालीला धोका जास्त. दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, दम लागला, लघवी कमी झाली, पोटरी सुजून दुखायला लागली, तर रात्र असो की दिवस, मोठा दवाखाना गाठायचा. लेखातलं दुसरं काही नाही तरी हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

हेही सांगितलं पाहिजे, की हा धोका आता बराच कमी करता येतो. सुईची मात्रा बेतानं ठेवायची, सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी वेळच्या वेळी करायची, ट्रिगरची सुई दुसऱ्या प्रकारची वापरायची. म्हणजे बाई वाचणं न वाचणं हे पुष्कळसं कुणी किती लक्ष दिलं यावर आहे. आणि गरिबाच्या अंगाकडं किती लक्ष देतात, ते सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलेल्याला सांगायला नको.

कॅन्सरचं म्हणाल तर या औषधांनी स्तनाचा कॅन्सर वाढतो असं मोठ्या पाहण्यांत स्पष्ट दिसलेलं नाही. अंडाशयाच्या कॅन्सरचा निकाल सरळ लागत नाही, कारण मूल न होणाऱ्या बायांत तो मुळातच थोडा जास्त आढळतो. पण या पाहण्या बहुतेक मूल पाहिजे म्हणून औषध घेणाऱ्या बायांच्या. बीज देऊन घरी गेलेल्या बाईचा पुढं वीस वर्षं माग ठेवण्याची गरज फार थोड्यांना वाटली. जिचं बीज मोजून घेतलं, तिचं दुखणं मोजायला वही नाही.

०००

आता नीतीकडं येऊ. कुठलंही औषध कडू असतं. आपण ते का गिळतो? टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल होते, मळमळतं, तरी माणूस महिनोन्‌महिने खातो, कारण छाती त्याचीच असते. कडूही त्याचं आणि गुणही त्याचा. म्हणून तराजू त्याच्या हातात असतो. एवढं सोसायचं का, हे तो ठरवू शकतो.

स्वतःला मूल पाहिजे म्हणून सुया घेणारी बाई या हिशेबात बसते. पण पुरती बसत नाही, कारण तराजू तिच्या एकटीच्या हातात नसतो. एका पारड्यात सासू बसलेली असते, एका पारड्यात गाव. डोहाळजेवणात तिला मागं सारतात, बारशाला पाळण्याला हात लावू देत नाहीत. वांझ हा शब्द भाषेत आहे, त्याच्या जोडीला पुरुषासाठी तसा रोजच्या तोंडातला शब्द नाही. आणि शास्त्र काय सांगतं? मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूनंही काही कमी असतं. त्याची तपासणी सगळ्यांत सोपी, ना सुई ना भूल. तरी गोळ्या आधी सुरू होतात बाईच्या. मोर्चात छाती काढून चालणारे आम्ही, एका डबीत वीर्य द्यायला लाजतो आणि बायकोला सहा-सहा महिने क्लोमिफीन खायला लावतो. आपल्या चळवळीतल्या पोरांनी हे आधी ऐकावं, मग व्यवस्थेवर बोलावं. गरीब वस्तीत पिशवीच्या आणि नळ्यांच्या टीबीनंही मूल राहत नाही. तिथं आधी टीबीचं औषध पाहिजे. न तपासता बीज पिकवायची गोळी देणं म्हणजे बंद नळाला मोटर लावणं.

बीज देणारीचं मात्र सगळंच वेगळं. तिला दुखणं नाही. ती निरोगी आहे म्हणूनच तिला निवडलंय. औषधानं तिला कसलाही गुण यायचा नाही, आला तर त्रासच यायचा. साइड इफेक्ट म्हणतात ना? तिच्या अंगात त्या औषधाला दुसरा इफेक्टच नाही.

आणि जिवावर बेतलंय. २०१० साली मुंबईत सतरा वर्षांची एक मुलगी बीज दिल्यावर काही दिवसांतच मेली. भंगाराच्या धंद्यात मजुरी करायची. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. २०१४ साली दिल्लीत २६ वर्षांची एक बाई बीज काढायच्या वेळी गेली. २०२२ साली तामिळनाडूतल्या इरोडमध्ये उघड झालं, की सोळा वर्षांच्या मुलीचं बीज पुन्हा पुन्हा विकलं गेलं. वय वाढवून खोटं आधार कार्ड केलेलं. विकणाऱ्यांत तिची आईही होती. त्या आईला शिव्या देणं सोपं आहे. पण नुसत्या आईनं बीज विकत नसतात. त्यासाठी एजंट लागतो, भूल देणारा लागतो, सोनोग्राफीवाला लागतो आणि पलीकडं पैसे मोजणारं गिऱ्हाईक लागतं. साखळीतल्या सगळ्यांना इस्त्रीचे कपडे. बेडी आधी पडली सगळ्यांत फाटक्या हाताला.

०००

आमच्या सूतगिरणीत रिंग खात्यात एक अक्का आहे. तिसाच्या आतबाहेर वय, आठ वर्षांचा पोरगा, नवरा असून नसल्यासारखा. तिनं मला एक कागद वाचायला दिला. चार पानं, सगळी इंग्रजी. वस्तीतल्या एजंट बाईनं आणून दिलेला. मी डिक्शनरी घेऊन दोन रात्री बसलो आणि तिला वाचून दाखवला. एके ठिकाणी लिहिलेलं, की सगळे धोके मला समजतील अशा भाषेत समजावून सांगितले आहेत. अक्का हसली. म्हणाली, "कधी सांगितले रे? आत्ता तूच सांगायलायस की." अक्कानं एकदा आधी बीज दिलेलं होतं. कायद्यानं जन्मात एकदाच देता येतं, हे तिला माहीत नव्हतं. एजंट बाई म्हणालेली, आधार दुसरं लावू.

मग तिनं विचारलं, "फंडाच्या फॉर्मावर वारसाचं नाव लिहितो बघ आपण. तसं यात पोराचं नाव कुठं लिहायचं? माझं काय झालं तर?"

मी चारही पानं उलटीपालटी केली. ती जागा त्या कागदात नव्हती. पुढं काय करायचं ते अक्का ठरवेल. अंग तिचं आहे, पोरगा तिचा आहे, आणि घरभाडं मी भरत नाही. पण तिच्या प्रश्नानं माझ्या डोक्यातला गुंता थोडा सुटला.

०००

शिकलेले लोक म्हणतात, तिनं सही केली ना? संमती दिली ना? मग कसला अन्याय?

संमतीला दोन पाय लागतात. एक, काय होणार आहे त्याची माहिती. दुसरा, नाही म्हणायची ताकद. इंग्रजी कागदानं पहिला पाय काढून घेतला, थकलेल्या भाड्यानं दुसरा. पण मी घटकाभर धरून चालतो, की बाईला सगळं समजलं आणि तिनं मोकळ्या मनानं हो म्हटलं. तरी प्रश्न संपतो का?

कापसाची धूळ छातीत बसते हे मला माहीत आहे. माहीत असून मी पाळीवर जातो. म्हणजे माझी संमती आहे. म्हणून मालकाची जबाबदारी संपली काय? गिरणीत बोट तुटलं तर मालकानं म्हणायचं का, की तू आपल्या पायानं आलास? एके काळी असंच म्हणत होते. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि हे म्हणणं मागं पडलं. कामामुळं इजा झाली तर काम करून घेणाऱ्यानं भरून द्यायचं, हे तत्त्व आलं. संमतीनं काम सुरू होतं. जबाबदारी संमतीनं मिटत नाही.

बाबासाहेबांनी हाच धागा बाईच्या देहापर्यंत नेला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की बाईच्या श्रमावर ज्या मालकाला नफा होतो त्यानं तिच्या बाळंतपणाचा भार थोडा तरी उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला. पुढं १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षानं मुंबईच्या विधानसभेपुढं ठेवला, रोहमांनी तो मांडला. मूल नको असेल तर ते टाळायचं साधन बाईच्या हाती पाहिजे, हा त्यामागचा विचार. दोन्ही एकत्र धरा. बाईच्या पोटात काय व्हावं हे बाई ठरवेल. आणि तिच्या पोटावर ज्याचा फायदा होतो, त्याला तिच्या दुखण्याकडं पाठ फिरवता येणार नाही. आपल्याला दुसरीकडं जायची गरज नाही, माप घरात आहे.

या मापानं आजचा कायदा मोजू. संसदेनं २०२१ साली केला, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बीज देणारी २३ ते ३५ वर्षांची पाहिजे. जन्मात एकदाच द्यायचं, सातापेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. बीजाची विक्री गुन्हा. बीज घेणाऱ्या जोडप्यानं तिचा विमा उतरायचा, नियमाप्रमाणं बारा महिन्यांचा. यातलं पुष्कळ चांगलं आहे, आणि ते आपल्या वस्तीत भिंतीवर लिहिलं पाहिजे.

विक्रीवर बंदी मलाही मान्य आहे. रक्त विकण्यावर सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, १ जानेवारी १९९८ पासून ती लागू झाली. त्याआधी गरीब माणूस रक्त विकून भाकरी खायचा आणि पिवळा पडायचा. बीजाला बाजार मोकळा केला तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. गोऱ्या कातडीचा भाव वेगळा, शिकलेलीचा वेगळा, आणि जातीचा भाव तर सगळ्यांच्या वर. आताच बीज घेताना रंग विचारतात, उंची विचारतात, हळूच जात विचारतात. मनुस्मृती सूक्ष्मदर्शकाखालीही सरपटत जाते.

पण रक्त आणि बीज एक नव्हे. रक्त देणाऱ्याला आधी दहा दिवस औषध टोचत नाहीत. दिलेलं रक्त अंग आपसूक भरून काढतं. बीज देणारीचे पंधरा-वीस दिवस जातात, कामावर खाडे पडतात, अंगावर औषधाचा धोका राहतो. कायदा तिला म्हणतो, तू दान कर. डॉक्टरला फी आहे, औषध कंपनीला नफा आहे, बँकेला कमिशन आहे, लाखाच्या घरात बिल आहे. त्या बिलात सगळ्यांची मजुरी मोजलेली, फक्त तिची सोडून. सगळे कमावणारे आणि एकटी तीच पुण्यवान? आणि पुण्यानं घरभाडं भागत नाही, म्हणून ती पुन्हा एजंट बाईच्या मागं, खोटं आधार घेऊन, अंधारातून जाते. अंधारात सातची मर्यादा नाही, विमा नाही, आणि पोट फुगलं तर दवाखाना म्हणतो ही बाई आमच्याकडं आलीच नव्हती.

०००

अंगाची मर्जी कुणाची चालते, याचा एक पुरावा आपल्याच राज्यातला आहे. आमच्या गिरणीत पाळी म्हणजे कामाची वेळ. बायांच्या बोलण्यात पाळी म्हणजे महिन्याची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या आयुष्यात या दोन पाळ्या एकमेकींच्या आड आल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. महिन्याच्या पाळीत पोट दुखलं, काम बुडलं की खाडा, आणि खाड्याला दंड. मग बायांनी पिशव्याच काढून टाकल्या. पांढरं जातंय, कॅन्सर होईल, अशी भीती घालून काढायला लावल्या. २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत कितीक पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. एका दवाखान्यात गरीब बाईचं अंडाशय औषधानं फुलवतात, कारण त्यातून दुसऱ्याला मूल पाहिजे. दुसऱ्या दवाखान्यात गरीब बाईची पिशवी काढून टाकतात, कारण मुकादमाला न थांबणारे हात पाहिजेत. दोन्ही ठिकाणी तिची सही आहे. दोन्ही ठिकाणी फी डॉक्टरला. एकीकडं पिकवणं, एकीकडं उपटणं. पीक कुठलं ठेवायचं हे शेताला विचारत नाहीत.

आणि आपली बाई जेव्हा स्वतः मुलासाठी तळमळते, तेव्हा तिला ही सुई परवडत नाही. हे मला सगळ्यांत जास्त लागतं. कारण ही विद्या कुठं वाढली? ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती केईएम हॉस्पिटलात. केईएम महापालिकेचं. परळात, गिरणगावच्या ऐन मध्यावर. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडून भोवतीच्या चाळींत चुली विझल्या होत्या, तेव्हा त्याच परळात सरकारी पैशानं हे संशोधन चाललेलं. विद्या लोकांच्या पैशानं, लोकांच्या दवाखान्यात जन्मली. मोठी झाल्यावर ती काचेच्या इमारतीत राहायला गेली. आता आपली बाई त्या इमारतीत शिरते ती एक तर लादी पुसायला किंवा बीज द्यायला.

०००

तर माझं उत्तर असं आहे.

एका बाईनं दुसरीसाठी सुई सोसणं मुळात पाप नाही. बहीण बहिणीसाठी सोसेल, मैत्रीण मैत्रिणीसाठी. धम्मात दानाला पारमिता म्हटलंय. पण त्या दानात देणारा मोकळा असतो आणि डोळे उघडे ठेवून देतो. उचलीखाली दबलेल्या, कागद न वाचता आलेल्या बाईकडून घेतलेल्याला दान म्हणणं ही जुनीच लबाडी आहे. वेठीला नवीन नाव दिलंय, एवढंच.

म्हणून बीजाची किंमत मागू नये. पण बुडालेल्या प्रत्येक दिवसाची मजुरी मागावी, आणि ती उजळ माथ्यानं, पावती घेऊन. कागद मराठीत पाहिजे, आणि तो समजावणारा माणूस त्या दवाखान्याच्या पगारावरचा नको. बारा महिन्यांचा विमा संपला म्हणून दुखणं संपत नाही. औषधामुळं जे होईल त्याची जबाबदारी ज्यांनी त्यावर कमावलं त्यांच्या गळ्यात जन्मभर राहिली पाहिजे. बीज दिलेल्या प्रत्येक बाईची नोंद पाहिजे, तिची तब्येत पुढं वर्षानुवर्षं तपासली पाहिजे, म्हणजे तिच्यानंतर सुई घेणाऱ्या बाईला खरं काय ते सांगता येईल. आणि सरकारी दवाखान्यांत ही विद्या परत आली पाहिजे, तिथं आधी पुरुषाची तपासणी आणि टीबीची तपासणी, मग बाईला गोळी.

आणि कागदावर अक्कानं विचारलेली ती जागा पाहिजे, वारसाच्या नावाची. ती जागा छापायला पैसा लागत नाही. पण ती छापली की मान्य करावं लागतं, की या टेबलावर झोपलेली बाई मरू शकते आणि तिच्यामागं कुणीतरी आहे.

हे सगळं झालं तर बीज महाग होईल, मग मूल नसलेल्यांनी काय करायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. बाळंतपणाच्या रजेनं कापड महाग होईल असं गिरणीमालकही म्हणत होते. ज्यांना माझं पटत नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहून पाठवावं. विशेषतः बायांनी. सुई मला टोचलेली नाही, मी फक्त कागद वाचलाय.